पाण्यातले आकडे वाचा: जुन्या फ्रेंच सागरी नकाशांवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आपण फ्रेंच शोधमोहिमेतला ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा एक जुना चार्ट छापला होता. त्यावर इतके मेसेज आणि पत्रं आली की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं न देता फक्त गावं दिलीत.

ॲडलेडहून एक वाचक : इथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मोठा फ्रेंच नकाशा टांगलाय. त्यात आमच्या स्पेन्सर गल्फवर बोनापार्टचं नाव आणि शेजारच्या आखातावर त्याच्या बायकोचं, जोसेफिनचं! दुकानदार म्हणतो अख्ख्या ऑस्ट्रेलियाचा पहिला छापील नकाशा याच मोहिमेचा. मुलीच्या शाळेत तर फ्लिंडर्सचं नाव शिकवतात. नेपोलियन इकडे कधी आला होता का?

ताई, नेपोलियन तिकडे कधीच गेला नाही, पण १८०० मध्ये त्याने निकोला बोदँ नावाच्या कप्तानाला जिओग्राफ आणि नातुरालिस्त अशी दोन जहाजं देऊन पाठवलं, आणि इंग्रजांनी पुढच्याच वर्षी मॅथ्यू फ्लिंडर्सला इन्व्हेस्टिगेटर जहाजावर त्याच किनाऱ्याला धाडलं. फ्लिंडर्स पश्चिमेकडून किनारा मोजत येतोय आणि बोदँ पूर्वेकडून, आणि ८ एप्रिल १८०२ ला दोघं समोरासमोर आले, तुमच्याकडून तासा-दीड तासाच्या ड्राइव्हवर, म्हणून त्या जागेला एन्काउंटर बे म्हणतात. दोन्ही देशांचं नुकतंच युद्ध चाललेलं, तह झालाय हे दोघांनाही माहीत नाही, तरी फ्लिंडर्स होडीतून बोदँच्या जहाजावर गेला. तिथे बोदँने बास सामुद्रधुनीचा एक इंग्रजी चार्ट काढून त्याच्या उत्तर बाजूत किती चुका आहेत ते सांगायला सुरुवात केली. फ्लिंडर्सने शांतपणे त्याच चार्टवरची टीप दाखवली, की तो भाग बास नावाच्या इंग्रज दर्यावर्दीने उघड्या होडीतून बघितलाय, नीट अक्षांश-रेखांश घ्यायची साधनं त्याच्याकडे नव्हती. निघताना बोदँने पाहुण्याचं नाव विचारलं तेव्हा त्याला कळलं की ज्या चार्टला आपण नावं ठेवत होतो तो काढणारा माणूस हाच. हा प्रसंग फ्लिंडर्सने स्वतः लिहून ठेवलाय.

पुढची गोष्ट वाईट आहे. परतीच्या वाटेवर बोदँ मॉरिशसला १६ सप्टेंबर १८०३ ला वारला. तीनच महिन्यांनी फ्लिंडर्स गळकं जहाज घेऊन त्याच बेटावर पोचला, तोवर युद्ध परत सुरू झालेलं, त्याच्याकडचा फ्रेंच परवाना इन्व्हेस्टिगेटरच्या नावाचा आणि आला तो दुसऱ्याच जहाजातून, मग फ्रेंच गव्हर्नरने त्याला अडकवला तो थेट १८१० पर्यंत. इकडे पॅरिसमध्ये बोदँच्या हाताखालचा अधिकारी लुई द फ्रेसिने चार्ट तयार करत होता, आणि १८११ मध्ये त्याचा अख्ख्या खंडाचा नकाशा छापून आला. फ्लिंडर्सचा यायला १८१४ उजाडलं, १८ जुलैला पुस्तक निघालं आणि १९ जुलैला तो गेला. म्हणजे दुकानदार छापल्याची तारीख सांगतोय, आणि तुमच्या त्या दोन आखातांत आधी कोण शिरलं ते शाळा सांगते, तिथे फ्लिंडर्सच आधी होता.

फ्रेंचांनी फ्लिंडर्सचे कागद चोरून नकाशा केला असं तेव्हा इंग्लंडमध्ये बोललं जायचं. पण फ्रेंच मोहिमेच्या स्वतःच्या मोजण्या आणि नोंदवह्या आजही आहेत आणि नकाशा त्यांच्यावरच उभा आहे. नावांच्या बाबतीत मात्र अन्याय झाला होता, दुसऱ्याने आधी मोजलेल्या किनाऱ्यावर सम्राटाच्या घरातली नावं चढवली. ती नंतर पुसली गेली ते बरंच झालं. जिथे बोदँ खरंच आधी पोचला होता तिथली फ्रेंच नावं आजही आहेत, तुमच्या आग्नेयेला रिव्होली बे, गिशेन बे, लॅसिपीड बे बघा. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे की ज्याने मोहीम चालवली त्या बोदँचं नाव मोहिमेच्या सरकारी वृत्तांतात जवळजवळ येतच नाही. ते लिहिणाऱ्या, मोहिमेतल्याच पेरोंचं त्याच्याशी पटत नव्हतं, आणि मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही.

नकाशा घ्यायचा की नाही ते पुढच्या उत्तरांतल्या खुणा तपासून ठरवा.

पुण्याहून एक निवृत्त जहाज अधिकारी : तीस वर्षं मर्चंट नेव्हीत होतो. मार्सेला घेतलेला एक जुना फ्रेंच चार्ट घरी आहे. खोलीचे आकडे फॅदम, म्हणजे खोलीचं इंग्रजी माप, धरून वाचले तर जुळत नाहीत आणि रेखांशही सगळीकडे साधारण सव्वादोन अंशांनी कमी येतात. चार्टच चुकीचा म्हणायचा का?

नाही सर, चार्ट बरोबर आहे, मापं वेगळी आहेत. रेखांश ग्रीनिचपासून नाही, पॅरिसच्या वेधशाळेपासून मोजलेत. पॅरिस ग्रीनिचच्या पूर्वेला २ अंश २० मिनिटांवर, म्हणून मुंबई ७२ अंश ५० मिनिटांच्या जागी ७० अंश ३० मिनिटांवर दिसते. १८८४ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ग्रीनिचला मान्यता मिळाली तेव्हा फ्रान्सने मत दिलं नव्हतं, बरीच वर्षं ते पॅरिसलाच धरून राहिले. आणखी जुने काही नकाशे कॅनरीतल्या फेरो बेटापासून मोजतात, ते पॅरिसच्या पश्चिमेला २० अंश धरायचे, त्या हिशोबाने मुंबई नव्वदच्या पुढे जाते. तेव्हा घाबरायचं नाही, शिर्षकाखालची बारीक ओळ आधी वाचायची, शून्य कुठे धरलंय ते बहुतेक तिथेच लिहिलेलं असतं.

खोली ब्रासमध्ये आहे. बांधकामावरची वाळूची ब्रास ती ही नाही हं, ही म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते ती लांबी, आपले कोळी जिला वाव म्हणतात तीच कल्पना. फ्रेंच ब्रास पाच फ्रेंच फुटांची, १.६२ मीटर, आणि तुमचा फॅदम १.८३ मीटर. आकडा २० असेल तर फ्रेंच हिशोबाने ३२.५ मीटर आणि इंग्रजी हिशोबाने ३६.६, चार मीटरचा फरक, म्हणजे जहाज तरंगणार की टेकणार एवढा फरक झाला हे तुम्हाला मी काय सांगणार. नंतरच्या फ्रेंच चार्टवर मीटर आले, म्हणून एकच बंदर दोन काळातल्या चार्टवर बघताना आकडे थेट शेजारी ठेवू नका.

आकड्यांच्या बाजूला एकटी अक्षरं असतील तीही बघा. एस म्हणजे वाळू, व्ही म्हणजे चिखल, आर म्हणजे खडक. शिशाच्या वजनाच्या बुडाला खळगा असायचा, त्यात चरबी भरायची आणि दोरीने खाली सोडायचं, तळाचं जे असेल ते चरबीला चिकटून वर येणार. एकेका अक्षरामागे कोणीतरी ओल्या हाताने ते वजन वर ओढून बघितलेलं आहे. मी चार्ट उघडला की आधी पाणीच वाचतो, जमीन नंतर.

रत्नागिरीहून एक शिक्षक : आपल्या कोकण किनाऱ्याचे फ्रेंच नकाशे आहेत का? शाळेच्या प्रदर्शनासाठी हवेत.

आहेत गुरुजी, आणि ते प्रदर्शनात लावायलाच हवेत. नाव लक्षात ठेवा, दाप्रे द मानव्हिलेत. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान, स्वतः हिंदी महासागरात फिरलेला, ऑक्टंटने, म्हणजे आरशाच्या कोनमापक यंत्राने, सूर्य-ताऱ्यांचे वेध घ्यायची पद्धत फ्रेंच जहाजांवर रुजवली ती यानेच. त्याने हिंदी महासागर आणि पूर्वेकडच्या समुद्रांचा एक मोठा ॲटलस काढला, नेपच्यून ओरिएंटल, पहिली आवृत्ती १७४५ ची. पण तो तिथे थांबला नाही, पुढची तीस वर्षं जहाजांवरून येणाऱ्या नोंदी गोळा करत राहिला, चुका दुरुस्त करत राहिला आणि १७७५ मध्ये नवीन आवृत्ती आणली. त्यात गुजरातपासून खंबायतच्या आखातावरून खाली कोकणापर्यंतचा किनारा आहे. अलेक्झांडर डॅलरिंपल, जो पुढे इंग्रज कंपनीचा नकाशांचा अधिकारी झाला, त्याचा आणि दाप्रेचा पत्रव्यवहार होता, दोन देशांचं एकमेकांशी वैर असताना हे दोघे नकाशे एकमेकांना द्यायचे.

दुसरं नाव बेलँ. हा फ्रेंच नौदलाच्या नकाशा-कचेरीतला, ती कचेरी १७२० ची. बेलँने १७६४ मध्ये पाच खंडांचा छोटा सागरी ॲटलस काढला, त्यात मुंबई आणि गोवा दोन्ही आहेत. आकार वहीच्या पानाएवढा, मुलांना हे आवडतील. पण मुलांना एक सांगा, बेलँ टेबलावर बसून दुसऱ्यांच्या नोंदींवरून काढायचा आणि दाप्रे स्वतः समुद्रावर गेलेला. दोघांचे नकाशे शेजारी लावून हा फरक मुलांना शोधायला लावा.

आणि इतिहासाचा धागा हवा असेल तर तोही आहे. शिवकाळात फ्रेंचांची राजापूरला वखार होती. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्याच्या दरबारात आला, नाना फडणवीसांशी त्याची बोलणी चालली आणि चौल बंदर फ्रेंचांना मिळणार या बातमीने मुंबईकर इंग्रज हादरले. त्याच्या दोनच वर्षं आधी दाप्रेची नवीन आवृत्ती निघालेली. चौलच्या खाडीकडे फ्रेंच का बघत होते ते नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं, मुंबईच्या इतक्या जवळ दुसरं बंदर हातात येणं म्हणजे काय ते मुलांना लगेच कळेल.

ठाण्याहून एक वाचक : ऑनलाइन एक फ्रेंच चार्ट घेतला, विकणाऱ्याने ओरिजिनल म्हणून दिला. खात्री कशी करायची? आणि पावसाळ्यात सांभाळायचा कसा?

आधी दहा पट भिंग घ्या, स्टॅम्प जमवणाऱ्यांकडे असतं ते चालेल. रेषेवर धरा. रेष सलग आणि काळी, टोकाला बारीक होत गेलेली दिसली तर ठीक. रेष किंवा रंग म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आजची ऑफसेट कॉपी, तिथेच तपासणी संपली. हे जुने चार्ट तांब्याच्या पत्र्यावर उलटे कोरायचे, शाई चोळायची आणि ओला कागद वर ठेवून प्रचंड दाबाखाली काढायचे, त्यामुळे पत्र्याची कडा कागदात दबलेली असते, चित्राच्या बाहेर चौफेर एक बारीक पायरी लागते, डोळे मिटून बोट फिरवा, बोटाला कळते. शाईही कागदावर किंचित उठलेली असते. मग कागद उजेडासमोर धरा, साधारण १८०० च्या आधीच्या कागदात बहुतेक वेळा समांतर रेषांची जाळी आणि कागद करणाऱ्याची खूण दिसते.

पण यातली एकच खूण पुरेशी नाही. तांब्याचा पत्रा वर्षानुवर्षं टिकायचा आणि नवीन माहिती आली की तेवढाच भाग घासून परत कोरायचे, त्यामुळे वर तारीख १८१२ ची आणि कागद चाळीस वर्षांनंतरचा असं सर्रास असतं. ते खोटं नाही, नंतरची छपाई आहे, फक्त किंमत त्या हिशोबाने द्यायची. क्रांतीनंतरच्या चार्टवर साल विचित्र दिसलं, वर्ष दहावं, वर्ष अकरावं असं, तर ते फ्रेंच क्रांतीचं कॅलेंडर आहे, १७९२ पासून मोजलेलं. त्याला प्रिंटिंगची चूक समजू नका.

सांभाळण्याबद्दल मात्र कळकळीने सांगतो. माझ्याकडचा एक चार्ट मी एका फ्रेमवाल्याकडे दिला आणि त्याने तो सरळपणासाठी हार्डबोर्डवर पूर्ण डिंक लावून चिकटवून दिला. दोन पावसाळ्यांत बोर्डाचं आम्ल कागदात उतरलं, मधल्या घडीवर तपकिरी पट्टा आला आणि आता तो सोडवायला जावं तर कागदच सुटतोय. म्हणून चिकटवू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, सेलोटेप नको. ॲसिड-फ्री माउंट मागा, काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये फट हवी. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, पावसाळ्यात ती भिंत पाणी पिते. आणि कसर लागते, वर्षातून दोनदा फ्रेमची मागची बाजू बघाच. हिरवा रंग असेल तर तो भाग मागून बघा, जुना हिरवा तांब्यापासून केलेला असायचा आणि तो कागद जाळत जातो, मागे त्याच आकाराचा तपकिरी डाग दिसायला लागला तर घरी काही करू नका, कागद दुरुस्तीचं काम शिकलेल्या माणसाकडेच न्या.

न्यू जर्सीहून एक वाचक : आजोबांच्या वाड्यात असे दोन नकाशे सापडले. इकडे घेऊन यायचेत.

दादा, असेच बॅगेत टाकून आणू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरच्या वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी आहे, हस्तलिखित असेल आणि त्याला ऐतिहासिक मोल असेल तर पंचाहत्तर वर्षंच धरतात. छापील कागद त्यात बसतो की नाही हे आपण घरी बसून ठरवायचं नाही, भारतीय पुरातत्त्व विभागाला आधी दाखवा. तोवर चांगला स्कॅन करून घ्या आणि मूळ कागद इथेच घरात कोणाकडे तरी नीट ठेवा.

कोल्हापूरहून एक विद्यार्थिनी : विकत घेणं शक्य नाही. फुकट कुठे बघता येतील, आणि सुरुवात कोणत्या नकाशापासून करू?

गालिका नावाची साइट आहे, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची. हजारो नकाशे मोफत आहेत आणि इतके झूम होतात की कोरणाऱ्याच्या हाताचे फटकारे दिसतात. सुरुवात दाँत्रकास्तो नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीच्या मोहिमेच्या ॲटलसपासून कर, १८०७ मध्ये छापलेला. आणि त्यात एक छोटं बेट शोध, पॅसिफिकमधल्या सांता क्रूझ बेटांच्या आसपास, नाव रशेर्श, म्हणजे शोध.

त्या नावाची गोष्ट सांगतो. ला पेरूज नावाचा कप्तान १७८५ मध्ये ब्रेस्ट बंदरातून दोन जहाजं घेऊन निघाला. वाटेत रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचाटकाला त्याने एका तरुण दुभाष्याला, लेसेप्सला, उतरवलं आणि तोवरच्या नोंदी त्याच्याजवळ दिल्या. लेसेप्स अख्खा सायबेरिया ओलांडून त्या घेऊन फ्रान्सला पोचला, म्हणून ला पेरूजचे नकाशे आज आपल्याला बघायला मिळतात. जहाजं मात्र मार्च १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॉटनी बेतून निघाली आणि परत कोणाला दिसली नाहीत. १७९१ मध्ये त्याला शोधायला दाँत्रकास्तोला पाठवलं, त्याच्या जहाजाचं नावच रशेर्श. मे १७९३ मध्ये त्याला लांबून एक बेट दिसलं, नकाशावर आणलं, आपल्या जहाजाचं नाव दिलं आणि न उतरता पुढे गेला. ते बेट म्हणजे आजचं व्हानिकोरो. ला पेरूजची जहाजं तिथल्याच खडकांवर फुटलेली, हे कळायला १८२७-२८ उजाडलं. दाँत्रकास्तो तर दोन महिन्यांत वारला. नकाशात ते बेट केवढंसं आहे बघ, आणि बेटाच्या कडेला आकडे किती कमी आहेत तेही बघ. जवळ गेले असते तर आकडे असते.

अलिबागहून नववीतला एक मुलगा : आमची होडी आहे. जमिनीवर न उतरता नुसतं बोटीतून किनाऱ्याचा नकाशा काढता येतो हे मला खरं वाटत नाही. कसा काढायचे?

बाळा, तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला. मगाशी ज्या दाँत्रकास्तोबद्दल लिहिलं त्याच्या जहाजावर बोतां-बोप्रे नावाचा पंचविशीतला तरुण होता, नकाशे काढायला घेतलेला. तेव्हापर्यंत लोक होकायंत्राने दिशा घेऊन किनारा काढायचे, पण होकायंत्राची सुई जहाजावर हलते, जवळच्या लोखंडाने ओढली जाते. याने दिशा घेणं जवळजवळ सोडलं आणि कोन घ्यायला लागला. सेक्स्टंट या जहाजावरच्या कोनमापक यंत्रासारखं पण पूर्ण गोल असं यंत्र, आरशाचं, त्यात दोन लांबच्या खुणा एकमेकांवर आणायच्या की त्यांच्यामधला कोन मिळतो, जहाज हललं तरी. किनाऱ्याचं साधं रेखाचित्र काढायचं आणि प्रत्येक टोकावर, डोंगरावर, खडकावर त्याचा कोन लिहायचा. जहाज थोडं पुढे गेलं की परत सगळे कोन. दोन-तीन ठिकाणांहून त्याच टोकाकडे काढलेल्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ते टोक.

याच पद्धतीने टास्मानियाच्या दक्षिणेची खाडी मोजली. एप्रिल १७९२ मध्ये ते खरं तर दुसऱ्याच उपसागरात चाललेले, वाट चुकले आणि कोणाला माहीत नसलेल्या एका लांब सुरक्षित खाडीत शिरले. आज तिला दाँत्रकास्तोचंच नाव आहे. बोतां-बोप्रेने पुढे म्हातारपणापर्यंत हेच केलं, १८१६ पासून वीसेक वर्षं फ्रान्सचा स्वतःचा किनारा त्याने असाच मोजला.

आता तू करून बघ. बाबांबरोबर होडीतून जा, समुद्र शांत असेल त्या दिवशी. एका फळीवर शाळेतला मोठा कोनमापक चिकटव, मध्यावर खिळा मार आणि त्यावर फिरणाऱ्या दोन काड्या लाव. होडी थांबवून कुलाबा किल्ला आणि कनकेश्वरचा डोंगर यांच्यातला कोन घे, मग कनकेश्वर आणि खांदेरीचं दीपगृह यांच्यातला. घरी आल्यावर ट्रेसिंग पेपरवर एका बिंदूतून त्या कोनांच्या तीन रेषा काढ, पेपर नकाशावर ठेव आणि सरकवत फिरवत राहा. तिन्ही रेषा तिन्ही खुणांवरून गेल्या की थांब, तो बिंदू म्हणजे तुमची होडी जिथे होती ती जागा. तिथेच दोरीला वजन बांधून खोली घेतली असशील तर ती वावांत लिही, तळाला चिखल की वाळू तेही लिही. कागद इकडे पाठव, पुढच्या अंकात छापू.